मुदत नसलेली प्रतीक्षा

पनवेल तालुक्यातील कामोठे या नावाने आज जी दाट वसाहत ओळखली जाते, तिच्या जागी दोन पिढ्यांपूर्वी खाडीच्या अंगाची भातखाचरे होती. आणि 17 मार्च 1970 रोजी स्थापन झालेल्या सिडकोने नव्या मुंबईसाठी ज्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेतल्या त्यांत या गावाचीही गणना झाल्यापासून येथील माणसाच्या वाट्याला प्रतीक्षेचे जितके प्रकार आले, तितके दुसरीकडे क्वचितच आले असतील. जमीन गेलेला शेतकरी रास्त मोबदल्याची वाट पाहत राहिला, आणि 1984 च्या जानेवारीत जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांना त्यापायी प्राण गमवावे लागले. पुढे, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची वाट पाहणे आले. शेजारच्या नव्या मुंबईच्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी 2007 साली मिळाली, भूमिपूजनाला 2018 साल उजाडले आणि उद्घाटन झाले ते 8 ऑक्टोबर 2025 रोजी. सरकारदरबारच्या या प्रतीक्षा कितीही जाचक असल्या तरी त्यांत एक सोय असते: दरखास्तीला क्रमांक असतो, कामाला मुदत असते, ती टळली तर जाब विचारावयास एक कचेरी व तीत एक अंमलदार असतो, आणि निदान वरच्या कचेरीकडे दाद मागण्याची वाट तरी मोकळी असते.

देवाची वाट पाहणाऱ्याला यांतले काहीच नसते. नगर, जालना, वसई येथून, तसेच केरळ, तामिळनाडू यांसारख्या प्रांतांतून पोटापाण्यासाठी आलेली जी ख्रिस्ती कुटुंबे नव्या मुंबईच्या या वसाहतींतून राहतात, ती आपल्या प्रार्थनेत जे मागतात ते इतर कोणत्याही कुटुंबाच्या मागण्याहून निराळे नसते. मुलाला नोकरी लागावी, लांबलेले लग्न ठरावे, मूल व्हावे, अंथरुणाला खिळलेले माणूस उठून बसावे, दारूच्या नादी लागलेला मुलगा सुधारावा. या मागण्यांना उत्तर कधी येईल हे कोणी सांगत नाही, येईलच असेही कोणी लिहून देत नाही, आणि तरीही श्रद्धावंताने सबुरी सोडू नये अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. सबुरी नेमके कशाला म्हणावयाचे, तिचे स्वरूप काय आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्याजोगे आहे; कारण तिच्याविषयी ख्रिस्ती समाजाबाहेर जसे गैरसमज आहेत तसे ते ख्रिस्ती समाजातही पुष्कळ आहेत.

पनवेल परिसरातील धार्मिक प्रतीक्षेचा इतिहास लिहावयाचा तर त्याचे पहिले पान ख्रिस्ती माणसाच्या नावावर पडणार नाही. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी लोक मशीहाची वाट ख्रिस्ती मिशनरी येण्याच्या फार आधीपासून पाहत आलेले आहेत. पनवेल शहरातील त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर 1849 सालचे. मशीहाच्या आगमनाची वर्दी देणारा म्हणून यहुदी परंपरेने मानलेल्या एलीया संदेष्ट्याविषयी या समाजाला विलक्षण भक्ती असून त्याच्या नावाने मलिद्याचा विधी करण्याची त्यांची वहिवाट आजही चालू आहे. ख्रिस्ती प्रतीक्षा याच मुळावर वाढलेली असली तरी तिची ठेवण निराळी आहे. ज्याची वाट पाहावयाची तो एकदा येऊन गेला आहे, आणि तो पुन्हा येणार आहे, अशा दोन आगमनांच्या मध्ये उभे राहून ख्रिस्ती मनुष्य वाट पाहतो. नाताळापूर्वीचे चार रविवार ज्या आगमनकाळात येतात, तो 30 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी सुरू होतो, आणि परंपरेने त्या काळात या दोन्ही आगमनांचे चिंतन करावयाचे असते. आजकाल बाजाराच्या घाईने नाताळ नोव्हेंबरातच दारात येऊन उभा राहतो आणि आगमनकाळाचा जीव गुदमरतो, ही गोष्ट वेगळी.

मराठीतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यातील साष्टी प्रांतात बसून रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत, आणि त्यांतील पहिले पुराण सबंधच्या सबंध तारणारा येण्यापूर्वीच्या काळाचे आहे. सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन, कुलपुरुष, राजे आणि संदेष्टे यांच्या कथा ओवीमागून ओवी सांगत, श्रोत्याला तिष्ठत ठेवून, मग कुठे दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचा जन्म होतो. स्टीफन्सला ख्रिस्तचरित्र थेट सांगता आले नसते असे नाही. परंतु ज्याला वाट पाहण्याचा काळ ठाऊक नाही त्याला आगमनाचा अर्थ कळत नाही, ही त्याची धारणा त्या रचनेतच उतरली आहे, असे मला वाटते.

पवित्र शास्त्रातील प्रतीक्षेच्या कथा वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. या कथांतून अश्रद्धेपेक्षा उतावीळपणाचीच हकीकत अधिक आहे, आणि तो उतावीळपणा बहुधा धार्मिक वेष घेऊन येतो. अब्राहाम आपला देश सोडून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. संततीचे वचन मिळालेले होते. पण कनान देशात दहा वर्षे काढूनही पाळणा हलेना, तेव्हा त्याची पत्नी सारा हिने आपली मिसरी दासी हागार त्याला दिली आणि त्याच्या शहाऐंशीव्या वर्षी इश्माएल जन्मला. देवाचे वचन खोटे आहे असे या दोघांपैकी कोणीही म्हटले नव्हते. ते खरे व्हावे म्हणूनच त्यांनी आपल्या परीने हातभार लावला होता. इसहाक जन्मला तो अब्राहाम शंभर वर्षांचा झाल्यावर, आणि मधल्या काळात त्या घरात जो कलह माजला त्याची झळ सोसली ती निरपराध दासीने व तिच्या पोराने. दुसऱ्याच्या उतावळेपणाचा दंड बहुधा घरातले सर्वांत दुबळे माणूस भरते, हे त्या कथेतील सत्य कोणत्याही काळातल्या कुटुंबाला ओळखू येईल.

शौल राजाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. पलिष्ट्यांची फौज समोर ठाकलेली, गिलगाल येथे शमुवेल संदेष्टा येईपर्यंत सात दिवस थांबण्याचा हुकूम, सातवा दिवस उजाडलेला, शमुवेलाचा पत्ता नाही आणि सैन्य तर पांगत चाललेले. अशा स्थितीत शौलाने होमबली स्वतःच अर्पण केला. पळून गेला नाही, शत्रूला शरण गेला नाही, उपासनाच केली! आणि होमबली आटोपतो न आटोपतो तोच शमुवेल येऊन पोचला. शास्त्राने त्याला इतका कठोर दोष का द्यावा असा प्रश्न वाचकाला पडतो, आणि माझ्या मते त्याचे उत्तर असे की, शौलाला देव हवा होता तो ठरलेल्या मुदतीत हवा होता. मुदत संपताच त्याने देवाचे काम आपल्या हाती घेतले आणि त्याला भक्तीचे नाव दिले. धीर खचलेला माणूस निदान आपण खचलो हे जाणतो. भक्तीच्या नावाने घाई करणाऱ्याला ते कळतही नाही, म्हणून त्याचा रोग असाध्य.

याच्या उलट बाजूला लूककृत शुभवर्तमानातील शिमोन व हन्ना ही दोन वृद्ध माणसे उभी आहेत. लग्नानंतर सातच वर्षांनी वैधव्य आलेली हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांचा आकडा गाठूनही उपास आणि प्रार्थना करीत मंदिरात राहिली, आणि ज्या दिवशी चाळीस दिवसांच्या बाळाला घेऊन मरिया व योसेफ तेथे आले त्या दिवशी ती जागेवर होती. तिने देवाचे आभार मानले आणि त्या बाळाविषयी इतरांना सांगितले, एवढेच शुभवर्तमानकार पुढे सांगतो. जागेवर असणे हीच तिची खरी कामगिरी.

याकोबाने आपल्या पत्रात धीराचा दाखला देताना शेतकरी निवडला आहे, आणि तो दाखला कोकणातल्या माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. पॅलेस्टाइनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडणारा आगोटीचा पाऊस जमीन नांगरण्याजोगी मऊ करतो आणि मार्च-एप्रिलचा शेवटचा पाऊस दाणा भरवतो. आमच्या रायगडात तेच काम मृगाचा आणि हस्ताचा पाऊस करतो. पाऊस पाडणे शेतकऱ्याच्या हाती नाही हे खरे, परंतु राब भाजणे, बांध धरणे, बी राखून ठेवणे, लावणीला माणसे जमवणे हे सारे त्याच्या हाती आहे, आणि मृगापूर्वी जो राब भाजत नाही त्याला पाऊस येऊनही उपयोग नाही. आणि एकदा लावणी झाली की रोप उपटून मूळ धरले की नाही हे पाहता येत नाही. याकोबाच्या मनातला धीर कष्टकऱ्याचा आहे. ओसरीवर पडून आभाळाकडे पाहणाऱ्याचा नव्हे.

सबुरी म्हणजे तोंड बंद ठेवणे, हा दुसरा एक समज उपदेशकांनी उगाच रुजवला आहे. दीडशे स्तोत्रांच्या संग्रहातील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतून देवाला विचारणा आहे, तक्रार आहे, कधी कधी तर सरळ उलटतपासणी आहे. हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक उघडते तेच ‘किती काळ’ या जातीच्या प्रश्नाने, आणि जाब विचारून झाल्यावर तो उत्तर ऐकण्यासाठी पहाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो. नामदेव-जनाबाईंनी विठोबाशी केलेली भांडणे ज्याच्या कानावर आहेत अशा महाराष्ट्रीय माणसाला यात अधर्म वाटण्याचे कारण नाही. भांडण चालू आहे तोवर नाते तुटलेले नाही. अबोला धरून पाठ फिरवणारा मनुष्य मात्र वाट पाहत नसतो, मग तो बाहेरून कितीही शांत दिसो.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या विषयाची सर्वांत बोलकी हकीकत शोधावयाची तर ती नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या दांपत्याची. टिळकांचा स्वभाव सबुरीचा मुळीच नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र ज्याने वाचले आहे त्याला त्यांचा तापटपणा, त्यांचे क्षणात घर सोडून निघणे, हातातले होते नव्हते ते कोणालाही देऊन टाकणे आणि एका कल्पनेच्या मागे लागून दुसरी वाऱ्यावर सोडणे ही सारी चित्रे पाठ असतील. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचे भाकीत मुदतीत उतरले म्हणून पुढे पुष्कळांनी त्याचे कौतुक केले. मला मात्र त्या दिवसापासून मुदत नसलेली जी गोष्ट सुरू झाली तिचेच महत्त्व अधिक वाटते.

लक्ष्मीबाईंवर या बातमीने आकाश कोसळले. कर्मठ संस्कारांत वाढलेली ती स्त्री आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांकडे राहिली, आणि नवरा जिवंत असता त्याच्यापासून दुरावण्याचे दुःख तिने सुमारे पाच वर्षे सोसले. एवढ्या काळात टिळकांना दुसरी वाट धरणे अशक्य नव्हते, आणि तसे सल्ले देणारेही कोणी कमी नसतील. पत्रांतून आर्जव, राग, रुसवा, कविता, सर्व काही चालले; पण पत्नीने आपल्या बुद्धीने आणि आपल्या पायांनी यावे यासाठी हा उतावीळ मनुष्य थांबला. लक्ष्मीबाई नगरला नांदावयास आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळेओवळे निराळे सांभाळले, आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हे लक्ष्मीबाईंना हळूहळू, स्वतःच्या विचाराने पटत गेले, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या दप्तरातील एक नाव लवकर वाढवण्याची घाई टिळकांनी केली असती तर महाराष्ट्राला बहुधा ‘स्मृतिचित्रे’ मिळाली नसती.

येथे टिळकांना निर्दोष ठरवण्याचा माझा इरादा नाही. पत्नीला विश्वासात न घेता त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तिला एका दिवसात लोकापवादाच्या खाईत लोटले, ही त्यांच्याच उतावळेपणाची करणी होती. पुढची पाच वर्षे हा त्याचाच दंड होता असेही म्हणता येईल. शिवाय सोसले अधिक कोणी याचा निवाडा करावयाचा तर तो लक्ष्मीबाईंच्या बाजूने करावा लागेल, आणि त्या तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. देवाची वाट पाहण्याचा मक्ता एका धर्माकडे आहे असे मानणाऱ्याने या गोष्टीपाशी क्षणभर थांबावे.

टिळक दांपत्याची पुढची प्रतीक्षा दोघांची मिळून होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे मानणाऱ्या टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे मनात घेऊन ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. ख्रिस्ताचे मराठी, देशी शिष्यमंडळ उभे करावे म्हणून 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि 9 मे 1919 रोजी ते वारले; महाकाव्याचे आरंभीचे थोडे अध्याय तेवढे त्यांच्या हातून झाले होते. लग्नात ज्यांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांना नवऱ्याने धरसोडीने का होईना वाचायला शिकवले, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेल्यातला प्रचंड भाग स्वतः लिहिला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचाही अंत झाला आणि ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते 1938 साली. छापील ग्रंथ दोघांपैकी एकानेही हाती धरला नाही.

पंडिता रमाबाईंच्या वाट्यालाही असेच आले. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी पुढे आपल्या निवेदनात स्पष्ट लिहिले आहे की तेव्हा आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडावयास आठ वर्षे लागली. संस्कृतप्रचुर भाषेतले पवित्र शास्त्र खेड्यातल्या बाईला कळत नाही म्हणून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी सबंध शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे जे काम अंगावर घेतले ते आयुष्याची अखेरची वर्षे पुरले. छपाई केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली. 1921 च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. आणि ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला.

परंतु याच रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातील भुकेल्या मुलींना ‘देव काय करतो ते पाहू या’ असे सांगितले नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. आपल्या प्रार्थनेच्या उत्तरासाठी वर्षानुवर्षे थांबावयाचे, पण दुसऱ्याच्या भुकेला एक दिवसही थांबवावयाचे नाही, असा त्यांचा व्यवहार होता. धीराचा उपदेश सोसणाऱ्याने स्वतःला करावयाचा असतो. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला केलेला तोच उपदेश बेमुर्वतपणा होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘प्रार्थना कर आणि थांब’ असे सांगणारा वडीलधारी मनुष्य शास्त्राचा आधार घेत असला तरी शास्त्र त्याच्या बाजूचे नाही.

प्रत्यक्ष आचरणाविषयी ख्रिस्ती परंपरेने जे अनुभवाचे बोल जमवले आहेत त्यांत इग्नाशियस लोयोला यांचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मन सुकले आहे, प्रार्थनेत गोडी नाही, देव दूर गेल्यासारखा वाटतो, अशा काळात पूर्वी स्थिरचित्ताने केलेला कोणताही निश्चय बदलू नये, असे त्यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात बजावले आहे. कामोठ्यासारख्या नव्या वस्तीत, जेथे आजोळ, पणजोळ आणि गावची मंडळी दूर राहिलेली असतात, जेथे कित्येक मंडळ्यांची रविवारची उपासना भाड्याच्या दालनात किंवा एखाद्याच्या दिवाणखान्यात भरते, तेथे या नियमाची गरज अधिक. कारण खचलेल्या माणसाला ‘जरा थांब’ म्हणणारे आपले माणूस जिन्यावर भेटत नाही. म्हणून मंडळीने आपल्यातल्या थांबलेल्यांची नोंद ठेवावी. इस्पितळाच्या आवारात रात्र काढणाऱ्या रुग्णाच्या नातलगाला कोणी डबा पोचवला तर त्याला सबुरीवरच्या दहा प्रवचनांपेक्षा अधिक आधार मिळतो.

आणि शेवटी वाचकाला एक विनंती. अमुक महिन्यात तुमच्या प्रार्थनेचे उत्तर मिळेल, अमुक देणगी दिली की ते लवकर मिळेल, असे छातीठोकपणे सांगणारे प्रचारक हल्ली सर्वत्र भेटतात. शौलाने चुकून केले ते ही मंडळी धंदा म्हणून करतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे, डॉक्टरने दिलेले औषध बंद करू नये, कोर्टाची तारीख चुकवू नये, आणि प्रार्थना रोजच्या वेळी चालू ठेवावी.